निवारणाचं कलम

नॉटिंगहॅमला आल्यावर मला पहिली नोकरी लागली ती एका सॉलिसिटर फर्मच्या तळघरात. नवरा तिथल्या हॉस्पिटलमध्ये अ‍ॅनेस्थेटिस्ट होता आणि मी त्याच्या व्हिसावर आले होते. पुण्यात तीन वर्षं वकिली केली होती, पण इथे ती कुणाच्या खिजगणतीत नव्हती. एजन्सीने मला टेम्प, म्हणजे तात्पुरती कर्मचारी, म्हणून पाठवलं. लोकांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळायला दिलेली खरेदीखतं त्या तळघरात पडून होती. जमिनींची नोंद आता कॉम्प्युटरवर होत होती, तेव्हा हे कागद जागा अडवून कशाला ठेवायचे, असं फर्मने ठरवलं होतं. मी एकेक पाकीट वर ऑफिसात आणून उघडायचं, आतले कागद यादीत लिहायचे आणि मालकाला पत्र पाठवायचं: आपले कागद घेऊन जा, आणि जमिनीची नोंद अजून झाली नसेल तर करून घ्या.

बहुतेक लोकांनी पत्राला उत्तर दिलं नाही. काहींनी मुकाट्याने कागद नेले. एक बाई मात्र पत्र मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी चाकांची पिशवी ओढत ऑफिसात हजर झाली.

ती ऐंशीच्या आसपासची होती. जन्मभर मोज्यांच्या कारखान्यात काम केलेली, नवरा वारलेला, बसने अर्ध्या तासावरच्या एका गावात एकटी राहणारी. मी तिच्यासमोर पाकीट उघडलं. वरचे कागद साधे होते, पण तळाशी चामड्यासारखा जाड, पिवळा, चौपदरी घडीचा एक दस्त होता. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वीचा असावा. तिने तो उलगडला, बोटाने ओळ शोधली आणि म्हणाली, "हे वाच, डक." त्या भागात सगळ्यांना डक म्हणतात, त्यात विशेष काही नाही.

मला ते जुनं अक्षर एव्हाना लागायला लागलं होतं. विकणाऱ्याने लिहून दिलं होतं की मी आणि माझे वारस ही जमीन घेणाऱ्याला आणि त्याच्या वारसांना, कोणाही माणसाच्या विरुद्ध, 'वॉरंट अँड फॉर एव्हर डिफेन्ड' करू, म्हणजे हमी देऊ आणि कायमचं राखू.

त्या क्षणी मी जे बोलले ते बोलले नसते तर पुढचे चार महिने सुखात गेले असते. माझे वडील संगमनेरला तहसील कचेरीबाहेर दस्तलेखक होते. खरेदीखत लिहून झालं की ते दोन्ही पक्षांना मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि शेवटी ठरलेलं कलम यायचं: "सदर मिळकतीस कोणाचाही हक्क, हरकत वा अडथळा निघाल्यास त्याचे निवारण आम्ही पदरखर्चाने करून देऊ, त्याची तोशीस तुम्हांस लागू देणार नाही." लहानपणापासून हे वाक्य माझ्या कानात बसलेलं. सात हजार किलोमीटरवर, कोण कुठल्या शेतकऱ्याच्या दस्तात तेच वाक्य सापडल्यावर मला राहवलं नाही. मी म्हणाले, "माझे वडील अगदी हेच लिहायचे."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "म्हणजे तुला याचा अर्थ कळतो," ती म्हणाली. "बरं झालं. इथे कोणाला कळत नाही."

मग तिने हकीकत सांगितली. तिच्या घरामागे एक लांबट पट्टी होती. तिथे सफरचंदाचं एक जुनं झाड आणि कपडे वाळत घालायचा खांब. मागच्या घरात नवीन जोडपं राहायला आलं आणि त्यांनी लाकडी कुंपण घातलं. त्या कुंपणाने झाडही पलीकडे नेलं आणि खांबही. तिने तक्रार केली तर त्यांनी जमीन-नोंदणीच्या रजिस्टरचा नकाशा दाखवला. त्यावरची लाल रेघ एवढी जाड की जमिनीवर तिची रुंदीच दोन-तीन फूट भरावी, पण त्यांच्या मते रेघ ती रेघ.

"तर आता विकणाऱ्याचे वारस शोध," ती मला म्हणाली. "त्यांनी यायचं आणि डिफेन्ड करायचं. लिहून दिलंय."

मला वाटलं ती थट्टा करतेय. पण ती अजिबात थट्टा करत नव्हती.

मी साहेबांकडे गेले. हे फर्मचे सगळ्यात जुने पार्टनर, साठी ओलांडलेले, वागणं अत्यंत सभ्य, पण कुठल्याही गोष्टीची जबाबदारी म्हटलं की हात झटकून मोकळे. त्यांची प्रत्येक चिठ्ठी 'याची आम्ही हमी देत नाही' अशा अर्थाच्या ओळीने संपायची. मी दस्ताचा विषय काढल्यावर मात्र त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी मला बसवून घेतलं आणि अर्धा तास बोलले. पूर्वी म्हणे वॉरंट ही वस्तू नव्हती, कागदही नव्हता. वॉरंट म्हणजे माणूस. जमिनीवर कोणी दावा लावला की घेणाऱ्याने कोर्टात विकणाऱ्याला हाक मारायची, आणि त्याने येऊन त्याच्या जागी उभं राहायचं. हरला तर तेवढ्याच किमतीची दुसरी जमीन द्यायची. आणि वॉरंटी नि गॅरंटी हे मुळात दोन शब्दच नव्हेत. फ्रान्सच्या एका भागातले लोक जिथे 'व' म्हणायचे तिथे दुसऱ्या भागातले 'ग' म्हणायचे. एकच शब्द दोन वाटांनी इंग्लंडला आला आणि इंग्रजांनी दोन्ही ठेवून घेतले.

पुण्यात मिक्सर घेताना दुकानदार बजावायचा, "ताई, गॅरंटी नाही, वॉरंटी आहे." त्यावरून आम्ही एवढंच समजायचो की बिघडला तर चकरा माराव्या लागणार. तो फरक मुळात उच्चाराचा होता हे ऐकून मला गंमत वाटली. पण बाई खाली रिसेप्शनला बसून होती.

"मग त्या बाईंना काय सांगायचं?" मी विचारलं.

"ते सगळं कधीच रद्द झालं. पार्लमेंटने केलं. तुम्ही सांगा त्यांना."

"तुम्ही सांगितलंत तर त्यांना पटेल."

"तुमच्याशी त्यांचं जमलेलं दिसतंय," साहेब म्हणाले आणि फोन उचलला.

मी खाली जाऊन सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रद्द केलं ते मला विचारून का?"

"तुमचा जन्मही झाला नव्हता तेव्हा."

"मग 'फॉर एव्हर' हा शब्दही रद्द केला का?"

मी दस्त ठेवून घेतला आणि म्हणाले, बघते. 'बघते' हा आपल्याकडे नकाराचा सभ्य प्रकार आहे. इंग्रजीत तो वचन ठरतो हे मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून दर मंगळवारी सकाळी साडेनऊला तिचा फोन यायला लागला. वारस सापडले का, हा पहिला प्रश्न. मग झाडाची चौकशी मीच करायची. मग हवामान. "दुपारी पाऊस येतोय, आय वॉरंट," असं ती म्हणायची, आणि पाऊस यायचा नाही. ती बोलताना हा शब्द सारखा वापरायची. बस उशिरा येणार, आय वॉरंट. पोस्टमन लबाड आहे, आय वॉरंट. एकदा मी वैतागून म्हणाले की तुम्ही वॉरंट केलेलं निम्मं खोटं निघतं. ती म्हणाली, "मग निम्मं खरं निघतं ना? तुमचे साहेब तर कशालाच वॉरंट करत नाहीत."

घरी मी नवऱ्यासमोर चडफडायचे. तो ड्यूटीवरून दमून आलेला असायचा. "तू फोन उचलूच नकोस," हा त्याचा सल्ला. ऑफिसात फोन न उचलून कसं चालेल, हे भूल देणाऱ्या डॉक्टरला कोण सांगणार? त्याचे पेशंट बोलतच नाहीत. रविवारी मी फोनकार्ड खरवडून संगमनेरला फोन लावला. आईने उचलला. वॉरंट हा शब्द कानावर पडताच ती घाबरली. "कोणावर निघालं वॉरंट? जावईबापू बरे आहेत ना?" तिला समजावण्यात कार्डाची दहा मिनिटं गेली. मग बाबा आले.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "निवारणाचं कलम मी चाळीस वर्षं लिहिलं. विकणारा निवारणाला आलाय असं एकदाही बघितलं नाही."

"मग लिहायचात कशाला?"

"घेणारा तेवढंच कलम दोनदा वाचायला लावायचा. बाकी चतुःसीमासुद्धा धड ऐकायचा नाही." मग त्यांनी विचारलं, "मोजणी केली का?"

"कोणी करायची? ती म्हणते वारस येऊन करतील."

"दस्तात मापं असतील ना. वारसांचं राहू दे, मापं बघ," बाबा म्हणाले आणि कार्ड संपलं.

सोमवारी मी मापं बघितली. होती. सगळी यार्डात, तिच्या अंगणातल्या हातपंपापासून. मंगळवारी फोन आल्यावर मी तेच बोलणार होते, पण तिने मला बोलूच दिलं नाही.

"सापडला," ती म्हणाली.

विकणाऱ्याचं आडनाव जरा दुर्मीळ होतं. तिने लायब्ररीत बसून टेलिफोन डिरेक्टरी चाळली, त्या आडनावाची तीन घरं काढली आणि तिन्ही घरांना पत्रं टाकली. दोघांनी उत्तर दिलं नाही. तिसरा येत्या शनिवारी येणार होता.

"तू कागद घेऊन ये," ती म्हणाली. "दोन वाजता."

मी नाही म्हणायला हवं होतं. फर्मचं हे काम नव्हतं, शनिवार माझा होता, आणि त्या शनिवारी नवऱ्याला महिन्याभराने सुट्टी मिळाली होती. आम्ही लंडनजवळ पिनरला त्याच्या मित्राकडे जेवायला जाणार होतो. पण तो मूळ दस्त माझ्या ताब्यात होता, तो तिला पोस्टाने पाठवायची माझी हिंमत नव्हती, आणि कोण कुठला माणूस तिच्या घरी येणार, तोही तिच्या एका पत्रावर. ती एकटी. पिनरला नवरा एकटाच गेला. निघताना एवढंच म्हणाला, "तू इथे वकिली करत नाहीस, हे तुला आठवतंय ना?"

दोनला पाच मिनिटं असताना तिच्या गल्लीत एक छोटी गाडी येऊन थांबली. टपावर शिकाऊ चालकांची लाल 'एल'ची पाटी. उतरला तो पंचावन्न-छप्पन्नचा, टाय लावलेला, ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस. बाईने त्याला चहा दिला. त्याने दस्त पाहिला, आपलं आडनाव पाहिलं, त्यावरून बोट फिरवलं. मग घसा खाकरून विचारलं, "म्हणजे इथे आमची काही जमीन निघते का?"

मी बाईकडे पाहिलं. पत्रात तिने नेमकं काय लिहिलं होतं ते मी विचारलं नव्हतं. तिने लिहिलं होतं, 'तुमच्या कुटुंबाच्या जमिनीबाबत महत्त्वाचं.'

"निघत नाही," मी म्हणाले. "तुमच्या पूर्वजांनी ती विकली होती."

"मग मला का बोलावलं?"

"डिफेन्ड करायला," बाई म्हणाली.

त्याला सगळं समजावून सांगताना मला इतकी लाज वाटत होती की मी कपातल्या चहाकडे बघूनच बोलले. कायद्याने तुमच्यावर काहीही बंधन नाही, हे मी दोनदा सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. मी म्हटलं, आता हा उठून जाणार, आणि गेला तर त्याचं काही चुकलं नाही.

"म्हणजे मिळणार काही नाही आणि भांडण माझं," तो म्हणाला.

"कागदात तसंच आहे," बाई म्हणाली. तिच्या आवाजात जराही संकोच नव्हता.

तो खिडकीशी गेला. कुंपण बघितलं. "आलोच आहे तर जरा बोलून बघतो," म्हणाला.

मागच्या घराचं दार त्या जोडप्यातल्या बाईने उघडलं. आमच्या बाईला बघून ती लगेच दार लावून घेणारच होती. नंतर कळलं की एकदा हिने काठीने त्यांच्या खिडकीची काच वाजवली होती, तेव्हापासून ते हिला दार उघडत नसत. पण टायवाला अनोळखी माणूस पुढे होता. तो म्हणाला, "माफ करा. माझ्या खापरखापरपणजोबांनी या बाईंना वचन दिलंय असं यांचं म्हणणं आहे. मला यातलं काही कळत नाही. आपण मोजून बघू या का?"

शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून तीस वर्षं काढलेल्या माणसाचा आवाज होता तो. समोरचा घाबरू नये असा. ती हसली आणि तिने नवऱ्याला हाक मारली.

नवरा शाळेत खेळांचा शिक्षक होता. तो मोजायची टेप घेऊन आला. मी दस्त वाचला: पंपाच्या पूर्व कोपऱ्यापासून झाडाकडच्या हद्दीपर्यंत सरळ रेषेत बावीस यार्ड.

"बावीस यार्ड?" तो शिक्षक म्हणाला. "ही तर क्रिकेटची खेळपट्टी."

"हो," मी म्हणाले. तेवढ्यावर आम्हा दोघांचं जमलं. आठ मीटरची टेप तीनदा लावावी लागली. ड्रायव्हिंगवाला एक टोक धरून गुडघ्यावर बसला होता, मी मोबाइलवर यार्डाचे मीटर करत होते आणि बाई काठी टेकून दर पावलाला "ताणून धर" म्हणत होती. झाडाच्या बाजूला कुंपण जवळजवळ यार्डभर आत निघालं. झाड बाईचं. शिक्षकाने दोनदा मोजलं आणि मान्य केलं.

मग दुसरी बाजू. तिथे अठरा यार्ड लिहिले होते. कपड्यांचा खांब हद्दीच्या पलीकडे, वीतभर, शेजाऱ्याच्या जागेत निघाला.

बाई म्हणाली, "पुन्हा मोजा." पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. "हा खांब चाळीस वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याने गाडलाय. तो मापाला कधी चुकायचा नाही."

शिक्षक म्हणाला, खांब राहू द्या, मी कुंपण त्याच्याभोवती वळवून घेतो.

"मेहरबानी नको," ती म्हणाली. "खांब उपटा आणि माझ्या बाजूला लावा."

मला बोलायला हवं होतं. चाळीस वर्षं बिनतक्रार उभा असलेला खांब, त्याखालची वीतभर जागा तिचीच म्हणता आली असती. वहिवाटीचा कायदा इथेही आहे. पण मला सल्ला द्यायचा अधिकार नव्हता, आणि ते वाक्य उच्चारलं असतं तर नुकतीच सुटलेली गाठ पुन्हा बसली असती. मी दस्ताची घडी घातली. मी निघताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "हे डिफेन्ड करणं नव्हे. ही तडजोड झाली." एवढ्या सगळ्यानंतर आभार नाहीत, काही नाही. बसस्टॉपवर पाऊण तास उभी असताना मी तिला मराठीत जे काही बोलले ते इथे लिहीत नाही.

सोमवारी मी साहेबांना सगळं सांगितलं. न सांगता राहता आलं असतं, पण मूळ दस्त ऑफिसबाहेर गेला होता आणि मला लपवाछपवी जमत नाही. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला.

"तुम्ही काही आश्वासन दिलंत का?"

"नाही. मी फक्त वाचलं आणि मीटर केले."

"खांबाबद्दल काही बोललात?"

"नाही."

"उत्तम," साहेब म्हणाले. त्या एका शब्दाचा मला जेवढा राग आला तेवढा बाईच्या चार महिन्यांच्या फोनांचा आला नव्हता. जे गप्प बसणं मला दोन रात्री खात होतं त्याचं हे कौतुक.

मग त्यांनी पत्र सांगितलं आणि मी लिहून घेतलं. आमच्या तात्पुरत्या कर्मचारी शनिवारी आपल्या घरी उपस्थित होत्या, त्या फर्मच्या वतीने नव्हत्या. त्यांचं कोणतंही विधान, मोजमाप किंवा मौन हे फर्मने दिलेली हमी, ग्वाही अथवा सल्ला समजू नये. मौनसुद्धा. मी ते पत्र माझ्याबद्दलच, माझ्याच हातांनी टाइप केलं, स्पेलिंग तपासलं आणि साहेबांची सही घेऊन पोस्टात टाकलं.

गुरुवारी तिचा फोन आला. मंगळवार नसूनही.

"हे पत्र कोणी लिहिलं?"

"साहेबांनी. टाइप मी केलं."

"तुझ्याविरुद्ध आहे."

"वाचलं मी."

"आणि तरी टाइप केलंस?"

"माझं काम आहे ते."

मग मी खांबाचं सांगून टाकलं. वहिवाट, चाळीस वर्षं, सगळं. म्हणाले, मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं, चुकलं माझं. वाटलं, आता ही नव्याने दंड थोपटणार.

"ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "माझ्या बहिणीच्या बाबतीत तसंच झालं होतं. पण दुसऱ्याच्या जागेत उभा असलेला खांब मला नको. माझा नवरा चुकला होता, एवढंच."

मी समोरचं पाकीट उगाच सरळ केलं.

"बरं, ऐक," ती पुढे म्हणाली. "तो गाडीवाला काल आला होता. मास्तर आणि तो, दोघांनी मिळून खांब लावला. पण दोरी सैल बांधलीय. मधे झोळ पडतो, चादरी गवताला लागतात. तू त्याला सांग."

"मी? तुम्हीच सांगा ना. तो तुमच्याकडे येतो."

"मी सांगितलं तर त्याला वाटेल मी तक्रार करतेय. कागद तू वाचला होतास. तुझं तो ऐकेल."

समोर अजून साठ पाकिटं पडली होती आणि साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. मी खालच्या आवाजात त्याचा नंबर विचारला आणि तिने तो दोनदा सांगितला, सावकाश, एकेक आकडा.